आयती

१९६१ साली कुवेतच्या टपाल कचेरीतल्या रांगेत माझ्यापुढे दोघे रत्नागिरीकडचे उभे होते. नूरुद्दीन एका फिनलंडच्या इंजिनियरकडे खानसामा, आणि कमाल त्याच्याच गावचा.

“नोकरी सोडून निघाला होतात म्हणे, नूरुद्दीनभाई?”

“ट्रंकसुद्धा भरली होती. मॅडमने त्यांच्या मुलखातलं मटण करायला सांगितलं. मोठ्याचं नि बकऱ्याचं एकत्र. कांदा, मीठ, मिरीचे दाणे आणि पाणी. सकाळपासून ओव्हनमध्ये, मंद आचेवर.”

“मसाला?”

“नाही. खोबरंपण नाही.”

“हे तर आजाऱ्याचं जेवण झालं!”

“वाढताना मलाच लाज वाटली. साहेबाने एक घास घेतला, चमचा खाली ठेवला नि म्हणाला, ‘आयती.’ माझ्याकडून चार मराठी शब्द शिकलाय ना! मी सकाळपासून ओव्हनपाशी उभा, आणि ह्याला हे आयतं वाटतं?”

“भडकलात?”

“भडकणार नाही? ट्रंक बघून मॅडमने कारण विचारलं, मग हसून सांगितलं. त्यांच्या भाषेत आईला आयती म्हणतात. त्याची आई असंच मटण करायची. ह्या हिवाळ्यात वारली. त्याला जाता आलं नाही.”

“या अल्ला.”

“आता दर जुम्म्याला तेच करतो.”

“आणि तुम्हाला कुणी तुमच्या आईसारखं सुकटीचं कालवण करून घातलं तर?”

“मीपण आयतंच म्हणेन. वीस वर्षं तिच्या हातचं आयतंच तर गिळलं. एकदाही ‘छान झालंय’ म्हटलं नाही.”