गाडीतून कोण उतरलं

(कुमासी शहर. मधल्या अंगणाभोवती भाडेकरूंच्या खोल्या. कोपऱ्यातल्या खोलीत म्हातारी आफ्राकोमा आणि राजधानी अक्राहून आलेली तिची लेक सेरवा. कपाटावर एवढासा नवा टीव्ही.)

सेरवा : डोकं हलवू नकोस, आई. हेडफोन तुझ्या डोक्याच्या फडक्यावरून घसरतोय. फडकं काढ बघू.

आफ्राकोमा : फडकं काढून मालिका बघू? त्यात सासरे असतात.

सेरवा : ते तुला बघत नाहीत.

आफ्राकोमा : तुला काय माहीत? आत्ताच म्हणालीस ना, हा टीव्ही हुशार आहे.

सेरवा : आई, घरमालक काय म्हणालेत ते लक्षात आहे ना? तुझ्या टीव्हीच्या आवाजाची आणखी एक तक्रार आली, की खोली रिकामी करायची.

आफ्राकोमा : तक्रार येते ती एकाच भिंतीतून. बाकी सगळ्यांना आवाज हवाय. आबेना अंगणात जेवणासाठी उकडलेल्या कंदांचं फुफू कांडत असते, मुसळ टाकून तिला आत येता येतं का? तिच्यासाठी मोठा लावते मी. मला काय, ओठ हलले तरी कळतं.

सेरवा : पण शेजारच्या मास्तरांना त्याच वेळी चर्चच्या गाण्यांची तयारी करायची असते.

आफ्राकोमा : त्या माणसाचं नाव काढू नकोस. इतकी वर्षं ह्याच भिंतीतून आवाज जात होता, तेव्हा त्याच्या कानात कापूस होता का? त्याची बायको कम्फर्ट रोज इथे, त्या स्टुलावर बसून माझ्याबरोबर मालिका बघायची. कम्फर्ट होती तोवर एक अक्षर बोलला नाही. ती गेली आणि हा थेट मालकाकडे गेला. माझ्या दाराशी येऊन दोन शब्द बोलला असता तर जीभ झिजली असती?

सेरवा : म्हणून तर हे कानातलं आणलं. आता तुझा आवाज तुझ्यापाशी. आणि हेही नको असेल तर चल अक्राला. माझ्याकडे याच्या तिप्पट मोठा टीव्ही आहे.

आफ्राकोमा : टीव्ही मोठा आहे, पण बघायला माणूस आहे का? तू सकाळी दवाखान्यात जातेस ती दिवे लागल्यावर येतेस. सासूनं खिरीत काहीतरी कालवलं, हे मी सांगू कुणाला? तुझ्या फ्रिजला? मागच्या खेपेला तुझ्या फाटकावरच्या पहारेकऱ्याला सांगायला गेले, तर तो झोपला.

सेरवा : बरं बाई. थांब, ब्लूटूथची यादी आली. जवळपासचं जे जे जोडता येतं ते सगळं दाखवतोय. 'मिस्टर करोडपती'. हा कोण?

आफ्राकोमा : नारळवाला. तुटकी चप्पल फरपटत चालतो.

सेरवा : 'येशूची लाडकी'.

आफ्राकोमा : आबेनाची नणंद. रविवारी लाडकी असते. सोमवारी नळावर तिचं तोंड ऐकायला ये.

सेरवा : 'मला जोडू नका'.

आफ्राकोमा : हा कोण ते मलाही माहीत नाही. काढते शोधून.

सेरवा : तू कशाला शोधतेस? हं, हा आपला. 'किंग साउंड'. अरेच्चा, खाली पुन्हा 'किंग साउंड'. दोनदा का दिसतंय?

आफ्राकोमा : कान किती असतात माणसाला?

सेरवा : तसं नसतं गं, आई. म्हणजे, असेलही. दुकानात काही सांगितलं नाही त्यांनी. वरचा दाबते. 'जोडले आहे', म्हणतोय. आला आवाज?

आफ्राकोमा : नाही.

सेरवा : टीव्हीचा तर बंद झाला. म्हणजे तुझ्या कानात यायला हवा.

आफ्राकोमा : कानात काही नाही. घागरीत डोकं घातल्यासारखं वाटतंय. आणि मालिका सुरू झाली बघ. ही पल्लवी. रडतेय. एवढे दागिने घालून चुलीपाशी कशाला गेली ही? त्या हिंदुस्थानात दागिने काढून ठेवायला पेटी नसते का? सेरवा, आज ती सगळ्यांपुढे खरं बोलणार आहे. आजच का तुझं यंत्र मुकं व्हायचं होतं?

सेरवा : ओरडू नकोस. तुला तुझाच आवाज कळत नाहीये.

आफ्राकोमा : आणि ऐक. कांडण थांबलं. आबेना तिकडे कान देऊन बसली असेल बिचारी. ही सासू आली. हिनं तीनदा मान वळवली म्हणजे घात होणार. सेरवा, काहीतरी कर.

सेरवा : करते. पण दारात कुणीतरी आहे. या, मास्तर, आत या.

मास्तर : सेरवा, तुझ्या आईला सांग, आता हद्द झाली. मी दार लावलं, खिडकी लावली, तरी आवाज येतोच आहे.

सेरवा : पण काका, टीव्ही मुका आहे. बघा ना. आणि तुम्ही इतके ओरडताय का?

आफ्राकोमा : आधी पाणी दे त्यांना. भांडायला आलेला असला तरी पाहुणा आहे. पाणी प्यायल्याशिवाय आल्याचं कारण विचारत नाहीत. बसा म्हणावं स्टुलावर.

मास्तर : त्या स्टुलावर नको. उभाच बरा आहे. पाणी घेतो. सेरवा, टीव्ही मुका असेल तर माझ्या डोक्यात ही कोण बाई रडतेय?

सेरवा : काका, डोक्यावरचं कुठून घेतलंत?

मास्तर : हे होय? चौकातल्या दुकानातून. तुमच्या टीव्हीपायी घ्यावं लागलं. म्हटलं, चर्चच्या गाण्यातला टेनरचा, पुरुषांच्या उंच आवाजाचा भाग फोनवर शांतपणे ऐकावा. आज पहिल्यांदाच चालू केलं. फोनला काही सापडेना. मग एकदम टुंग झालं. मी म्हटलं, जोडलं गेलं, परमेश्वराचे आभार. तर टेनर राहिला बाजूला आणि बाई हंबरडा फोडून विचारते, माझ्या बाळाचा बाप कोण ते सांगू का?

आफ्राकोमा : म्हणाली ती? सांगितलं तिनं? कोण म्हणाली?

सेरवा : आई, तो हेडफोन काढून बोल. काका, तुम्ही दोघांनी एकाच दुकानातून एकाच जातीचा घेतलाय. मी चुकून तुमचा जोडला टीव्हीला. दोन कान म्हणून दोन, म्हणे. देते तोडून.

मास्तर : थांब जरा.

सेरवा : का?

मास्तर : ती सांगणारच आहे आता. सासू म्हणतेय, बोललीस तर जीभ हासडीन. हिंदुस्थानातली मालिका आपल्या ट्वी भाषेत उतरवलेली, पण काय बोलते ही सासू, म्हणी काय घालते. आमच्या चर्चच्या कमिटीत इतकी चांगली ट्वी कुणी बोलत नाही.

आफ्राकोमा : मास्तर, बाप कोण?

मास्तर : गप्प बसा जरा, सेरवाची आई. विक्रमचा धाकटा भाऊ.

आफ्राकोमा : धाकटा? सेरवा, खिडकीतून आबेनाला सांग, धाकटा.

सेरवा : काका, तुम्हाला विक्रम कोण ते माहीत आहे?

मास्तर : विक्रम माहीत आहे. पल्लवी माहीत आहे. सासूनं खोटं मृत्युपत्र केलं तेही माहीत आहे. कम्फर्ट इथून उठून घरी आली, की जेवताना मला सगळं सांगायची. मी वर्तमानपत्र वाचल्याचं सोंग करायचो. नाहीतर लोक म्हणाले असते, गायन शिकवणारा माणूस आणि बायकांची मालिका ऐकतो.

आफ्राकोमा : मग मालकाकडे का गेलात?

मास्तर : भिंतीतून रडणं तेवढं येतं, सेरवाची आई. का रडतात ते येत नाही. ते सांगायला ती असायची. तो सुरुवातीचा बाजा वाजला, की मी अजून दाराकडे बघतो, आता ती येईल म्हणून. मला ते सोसेना. गेलो आणि तक्रार केली. तुम्हाला तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही.

आफ्राकोमा : मलाही तिची आठवण येते, मास्तर. स्टूल तसंच ठेवलंय. सेरवाला सुद्धा बसू देत नाही त्यावर.

सेरवा : खरं आहे. मी पलंगावर बसते.

मास्तर : मालकाला मी सांगतो, माझी काही तक्रार नाही. तुम्ही अक्राला जाऊ नका.

आफ्राकोमा : मी जाणार नव्हतेच. हिनं यंत्र आणलं म्हणून मान तेवढी डोलावत होते. सेरवा, दोघांचीही ती कानातली काढ. आबेनाला ऐकू जाईल एवढा आवाज लाव.

सेरवा : मग मी हे सगळं कशाला आणलं?

आफ्राकोमा : मास्तरांना इथे आणायला. मास्तर, मधलं तुमचं बरंच राहिलं असेल. कम्फर्टनं कुठवर सांगितलं होतं?

मास्तर : लग्नापर्यंत. पल्लवी देवळात उभी होती, बाहेर एक काळी गाडी येऊन थांबली, गाडीचं दार उघडलं. मी वर्तमानपत्र खाली ठेवून विचारलं, कोण उतरलं गं? तेव्हा मोठ्यानं हसली. म्हणाली, ऐकता ना सगळं? उद्या सांगते. आणि झोपली.

आफ्राकोमा : त्याच रात्री गेली ती?

मास्तर : हो.

आफ्राकोमा : बसा, मास्तर. त्याच स्टुलावर बसा. गाडीतून सासू उतरली होती.