वेळ घ्यायची कुणाकडून?

...नाही, तुम्ही हसू नका, आधी मला उत्तर द्या, वेळ घ्यायची कुणाकडून? सोपं वाटतंय ना? मलाही वाटलं होतं! तुम्हाला सांगतो, काचेच्या कारखान्यात सोळा वर्षं टेलिफोनवर बसलोय, जुन्या बोर्डात पिना खुपसून खुपसून बोटं सपाट झाली, कधी कुणी वेळेबद्दल अवाक्षर काढलं नाही, आणि एक दिवस ते जुनं धूड उचलून नेलं नि टेबलावर हे एवढंसं खोकं ठेवलं, पोळीच्या डब्याएवढं, म्हणे आता फोन इंटरनेटवरून. ठेवा बापडे! तर त्या खोक्याला पहिल्याच दिवशी हवं काय? वेळ! पडद्यावर रकाना, ‘वेळेचा स्रोत’, आणि पुढं कोरी जागा. बसवायला आलेल्या इंजिनीअरबाईंना विचारलं, तर बाई गाडीत बसता बसता, “काका, भरवशाचं कुणीतरी टाका हो, नाहीतर खोकं आपल्याच तंद्रीत चालतं, दिवसाला मिनिटभर मागं पडतं!” की गेल्या भुर्रकन. काका! अडतीसचा आहे मी!

भरवशाचं कुणीतरी... आता तुम्हीच सांगा, आणायचं कुठून? गेटवरच्या वॉचमनदादाचं घड्याळ पाच मिनिटं पुढं, मुद्दाम, “लोक धावत येतात हो साहेब, बरं दिसतं!” मॅनेजरसाहेबांचं बारा मिनिटं मागं, त्यामुळं साहेब आयुष्यात कधी उशिरा आलेले नाहीत. कँटीनमधलं सव्वातीनला थांबलंय, का, तर सव्वातीनला चहा असतो. आणि घरी आई! आईला वेळ विचारली की, “माझ्याकडं काय बघतोस, तुझीच निघून चाललीय!” म्हणजे बघा, चहूकडं वेळच वेळ, आणि घ्यायची म्हटली तर... कुणाकडून?

आणि तेवढ्यात अकराचा फोन वाजला.

आता हा अकराचा फोन काय ते ऐका. आमचं गोदाम नदीपलीकडं, अकरा मैलांवर. लाइन धड आहे की नाही बघायला रोज अकराला गोदामातून फोन येतो, तिथं टेलिफोनवर एक बाई असतात. त्या म्हणतात, “कारखाना, आवाज येतोय का?” मी म्हणतो, “येतोय, गोदाम.” झालं! एवढंच! चार वर्षं! चेहरा पाहिलेला नाही, नाव विचारलेलं नाही, पण तुम्हाला सांगतो, तो ‘येतोय का’ मधला ‘का’... थोडा लांबतो हो तो, आणि मग खिडकीबाहेर मांडून ठेवलेल्या काचांवर ऊन सरकताना दिसतं, मला वाटतं आपण पाण्याखाली बसलोय आणि वरून कुणीतरी हाक मारतंय... असो. सांगायचं काय, तर ठोक्याला अकरा! मग भरवशाचं आणखी कोण? तसलंच खोकं तिकडंही आलेलं, घातला त्या रकान्यात गोदामातल्या खोक्याचा पत्ता. ‘माझी वेळ तिच्याकडून घे.’ आणि लाजलो, चक्क खोक्यापुढं लाजलो!

आता मला काय ठाऊक, तिकडं त्यांच्या खोक्यालाही तसलाच कोरा रकाना, आणि बाईंनी विचार केलाय, चार वर्षांत ज्यानं एकदाही फोन दुसऱ्यांदा वाजू दिला नाही, तोच भरवशाचा... आणि त्यात माझा पत्ता घातलाय! म्हणजे माझं खोकं तिच्या खोक्याला विचारतंय, किती वाजले? तिचं माझ्याला विचारतंय, किती वाजले? आणि दोघं एकमेकांना मान डोलावून सांगताहेत, तू म्हणशील तेवढे! आणि जग? जग गेलं पुढं!

दिवसाला मिनिट म्हणजे काही कळतही नाही हो, आणि मनगटावरचं घड्याळही मी रोज खोक्यावरूनच लावायचो. उलट मला सुखच वाटत होतं. वॉचमनचा भोंगा दहा मिनिटं आधी वाजायला लागला, मग वीस, मी त्याला झापलं, “दादा, किती पुढं नेणार?” तो म्हणाला, “साहेब, मी हात नाही लावला, आईशप्पथ!” बस आधी सुटायची, म्हटलं ड्रायव्हर आगाऊ. दिवस लवकर मावळायला लागला, म्हटलं मावळतो कधीकधी. सगळे कसे घाईघाईनं चाललेत आणि आम्ही दोघंच सावकाश... अकराला अकरा, तिच्याकडंही अकरा, सेकंदाचा फरक नाही! आणि अशा त्या तंद्रीत एक दिवस मी ‘येतोय, गोदाम’च्या पुढं बोलून गेलो, “शनिवारी पाचला, पुलाच्या थांब्यावर... येता का?” आणि पलीकडून, “येते.”

शनिवारी दुपारी इंजिनीअरबाई हजर! का, तर ट्रकवाल्यांची तक्रार, अडीचला फोन केला तरी खोकं म्हणतंय, ‘सध्या जेवणाची सुट्टी आहे.’ बाईंनी पडद्यात डोकं घातलं नि कपाळावर हात मारला. “काका! एक्केचाळीस मिनिटं मागं! तुम्ही त्यांच्याकडं बघताय, त्या तुमच्याकडं बघताहेत, अहो, कुणीतरी बाहेर बघायला नको का?” मग त्यांनी रकान्यात बाहेरची चार घड्याळं घातली, इंटरनेटवरची. चार का? तर म्हणे एकच असलं नि ते खोटं बोललं तर कळत नाही, दोन असली तर भांडतात, तीन असली तर दोघं मिळून तिसऱ्याचं खोटं पकडतात, आणि चौथं, कुणी मेलंच तर. आणि गोदामाशी असलेली ती दोरी तोडली, टच्चकन. “गोदामाचं आठवड्याभरात बघते. आणि काका, खूशखबर, एक तारखेपासून खोकंच खोक्याला फोन करून लाइन तपासेल. तुम्हाला अकराचा त्रास नको!”

त्रास! एक तारखेला दहा दिवस उरलेले! अकराचा फोन गेला की कुठल्या तोंडानं गोदामाला फोन करायचा? काय सांगू, आवाज ऐकायचाय म्हणून? म्हणजे आज भेट व्हायलाच हवी! आणि त्या घाईत गोदामाचं घड्याळ अजून तसंच आहे हे डोक्यातून साफ गेलं हो माझ्या. पाचला थांब्यावर, भांग पाडून. सव्वापाच. साडेपाच. समजलो काय ते. न येऊन सांगितलेलं कळत नाही का माणसाला? गेलो घरी. आई म्हणाली, “चेहरा का असा?” म्हटलं, ऊन लागलं.

सोमवारी अकराचा फोन आलाच नाही, आला अकरा त्रेचाळीसला, दोन दिवसांची आणखी दोन मिनिटं धरून. “कारखाना.” तो ‘का’च नाही पुढं! “मी वेळेवर आले होते.”

मी म्हटलं, “मी वेळेवर गेलो होतो.”

मग उलगडलं सगळं, माझा रकाना, तिचा रकाना, आणि आम्ही हसलो, चार वर्षांत पहिल्यांदा तिचं हसू ऐकलं, आणि म्हटलं, पुन्हा शनिवारी पाच? ती म्हणाली, “पण कुणाच्या पाचला?” बघा! आलं ना पुन्हा तेच, वेळ घ्यायची कुणाकडून? मी म्हटलं, “तुमच्या.” त्याच क्षणाला ती म्हणाली, “तुमच्या.” आणि तेवढ्यात दोन्हीकडं तीन-तीन लाइनी खणखणल्या, ठेवला फोन! आता शहाण्या माणसानं परत करून विचारावं की नाही? पण मला वाटलं तिनं माझं ऐकलं, तिला वाटलं मी तिचं. मी तिच्या पाचला गेलो, म्हणजे, रोजचं मिनिट धरून, पाच अठ्ठेचाळीस. ती माझ्या पाचला येऊन, अर्धा तास उभी राहून, गेलेली! चहावाला म्हणतो, “एक बाई होत्या. मागच्या शनिवारी तुम्ही बघत होता ना, तसंच बघत होत्या रस्त्याकडं.” माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू!

उरला महिन्याचा शेवटचा दिवस. शेवटचा अकराचा फोन. इंजिनीअरबाई गोदामाचंही खोकं नीट करून गेल्या होत्या, दोन्हीकडं आता चार-चार घड्याळं, एकही चुकीचं नाही, पण विश्वास? दुधानं तोंड पोळलेलं! तीच म्हणाली, “कारखाना, घड्याळच नको. अर्धा दिवस रजा टाका. जेवण झालं की निघायचं. जो आधी येईल त्यानं बसायचं, कितीही बसायचं.” मी मनगटावरचं काढून ड्रॉवरमध्ये टाकलं! आईला म्हटलं, लवकर वाढ.

पोचलो तर ती बसलेली होती, पुलाच्या बाजूला तोंड करून. मी म्हटलं, “कधी आलात?” म्हणाली, “कुणास ठाऊक.” मग काय काय बोललो... चार वर्षांचं बोललो. रोज पाच शब्दांच्या वर न गेलेली माणसं आम्ही, बांधच फुटला! नाव विचारलं, तिनं सांगितलं, मी सांगितलं, दोघांनाही ती नावं परकी वाटली, म्हणून पुन्हा कारखाना आणि गोदामच. पाण्यावरचं ऊन कधी पिवळं झालं, कधी तांबडं झालं, चहावाल्यानं बाकडी उचलली, आमचं उचललं तेव्हा उभं राहून बोललो. वेळ कुणाकडून घ्यायची, हा प्रश्नच आला नाही हो मनात.

आणि मग शेवटची बस गेली. तिची पलीकडं, माझी अलीकडं. दोन्हीही, डोळ्यांदेखत. साडेपाच मैल ती चालत, साडेपाच मैल मी चालत, टाचा सोलवटल्या... पण तुम्हाला सांगतो, तिसऱ्या खेपेला का होईना, आम्ही चुकलो ते एकाच वेळी चुकलो.