पारोशी बोट

मुलगा : साबणानं?

आई : मग काय नुसत्या पाण्यानं? साबणानं, कोमट पाण्यानं आणि जुन्या टूथब्रशनं. तान्ह्या पोरासारखी न्हाऊ घातलीय. बघ, खिडकीत वाळतेय.

मुलगा : आई, तो गंज होता.

आई : मला दिसत नव्हता होय? म्हणून तर घासला.

मुलगा : अगं, खरा नव्हता. प्लास्टिकला कुठला गंज? मी लावला होता. तांबड्या खडूची पूड करून, एकेक ओघळ बारीक ब्रशनं ओढून. महिनाभर या टेबलाशी मान मोडून बसलोय. वरून वार्निश तेवढं मारायचं राहिलं होतं.

आई : महिनाभर बसून माणूस बोट स्वच्छ करतो. तू घाण केलीस. आणि वर मलाच विचारतोस, साबणानं का म्हणून.

सून : अहो, आधी बसा बघू. आई, तुम्हीही टेका. बोट काही आता दोर तोडून जात नाही.

आई : तू सारवासारव करू नकोस. यानं तिला काय फासलंय ते तुला ठाऊक होतं?

सून : ठाऊक होतं. मीही म्हटलं, नवी कोरी छान दिसतेय, कशाला मळवता? तर म्हणाले, किटमधली बोट जोडली की खेळणं वाटते, वापरलेली दिसली की खरी वाटते.

आई : वापरलेली निराळी आणि टाकलेली निराळी. एवढं कळू नये? माझ्या डब्यातला काळा दोरा नेलास दोरखंड करायला, तेव्हा मी म्हटलं, पोरगा बापाची बोट करतोय, नेऊ दे. अख्खं रीळ दिलं मी.

मुलगा : उद्या सकाळी ती बंदरावरच्या सभागृहात जायची आहे. काचेच्या पेटीत. खाली बाबांचं नाव. जुने खलाशी झाडून सगळे येणार. त्यांच्यापुढे आता काय ठेवू?

आई : तेच म्हणतेय मी. झाडून सगळे येणार, आणि बघणार काय? गंजकी बोट. ह्यांना कोणी नावं ठेवणार नाही, गेलेल्या माणसाला कोण बोलतं? मला ठेवतील. म्हणतील, घरात बाई होती ना याच्या?

मुलगा : कोणी असं म्हणत नाही, आई.

आई : तू ओळखतोस त्यांना? मी त्यांच्या तोंडाला तोंड देत म्हातारी झाले. बोट धक्क्याला लागली की ते घरी पळायचे आणि मी बादली घेऊन पुढे व्हायचे. तो इंजिनवाला एकदा म्हणाला, वहिनी, बोट घासताय की आरसा करताय? मी म्हटलं, तुमचं तोंड दिसणार नाही इतपतच घासते, घाबरून पाण्यात पडाल.

सून : मग?

आई : मग काय. पुन्हा माझ्या वाटेला गेला नाही.

सून : आणि आई, मघापासून मुठीत काय धरलंय?

आई : काही नाही. काडी आहे. आपोआप निघाली.

मुलगा : अँटेना आहे ती.

आई : असेल. नीट चिकटवली असतीस तर निघाली नसती.

मुलगा : चिकटवतो. पण मला एक सांग. मी मनानं काहीच केलेलं नाही. हा फोटो समोर ठेवून केलंय. बघ, नांगराच्या भोकाखाली ओघळ आहे की नाही? केबिनच्या कोपऱ्याला? तसाच्या तसा उतरवलाय.

आई : चष्मा दे... हा कधीचा?

मुलगा : मी सुट्टीला आलो होतो तेव्हाचा. बाबांच्या शेवटच्या वर्षातला.

आई : मी आहे का यात?

मुलगा : नाही. तू घरी होतीस.

आई : घरी नव्हते, अंथरुणात होते. घसरून खुबा मोडला होता. त्या वर्षी तिला कोणाचा हात लागला नाही. ह्यांना जाळ्यापुढे काही सुचत नव्हतं, आणि तू चार दिवसांचा पाहुणा. उभ्या जन्मात एक वर्ष ती पारोशी राहिली, आणि लेकानं नेमकं तेच काचेत घालायला काढलं.

मुलगा : मला हीच आठवते गं. आधी वसतिगृह, मग नोकरी. बोट म्हटली की हीच समोर येते. वर बाबा उभे आणि खाली हे ओघळ.

आई : तुझा दोष नाही म्हणत मी. पण बोटीचा तरी काय दोष?

सून : आई, स्वच्छ असायची हे मान्य. पण अशी, दुकानातून आणल्यासारखी तर दिसत नसेल?

आई : कशी दिसेल? ब्रश काय कमी चालवला मी? रंग उडायचा. हे कावायचे. म्हणायचे, समुद्रानं खाल्ला नाही एवढा रंग तू खाल्लास.

मुलगा : सगळा उडायचा?

आई : सगळा कसा उडेल? धक्क्यावरून माझा हात पुरायचा तिथवर. खाली फिकट, वर गडद निळा. लांबून तो पट्टा दिसला की बायका म्हणायच्या, आली गं तुझी.

मुलगा : थांब. फोटो दे इकडे... हा पट्टा?

आई : मग दुसरा कुठला?

मुलगा : मला वाटलं, ऊन पडलंय. म्हणून मी वरपासून खालपर्यंत एकच निळा मारला.

आई : ऊन म्हणे. हाताला घट्टे पडलेत त्या उन्हाचे.

सून : अहो, रात्रीपर्यंत वाळेल का?

मुलगा : वाळेल. निळ्यात थोडा पांढरा मिसळायचा, बस्स. पण फोटोत वरची कड नीट दिसत नाही. तू जरा टेप आण. आई, उभी राहा. भिंतीला लाग आणि हात वर कर.

आई : कशाला?

मुलगा : माप घेतो. मग पन्नासपट लहान करीन.

(आई भिंतीशी उभी राहते. हात खांद्याच्या जरा वर जाऊन थांबतो.)

सून : राहू द्या आई, दुखतंय तुम्हाला. अंदाजानं धरतील.

आई : अंदाजानं काही करायचं नाही. टेप लावलीस?

मुलगा : लावली. इथवर?

आई : त्याच्या वर धर. मी टाचा उचलून घासायचे.