आमचे हे ऑफ होते

तुमच्याकडे 'ऑफ' म्हणजे काय हो? आमच्या देवासात पंखा ऑफ होतो, आणि कारखान्यातल्या माणसाचा आठवड्यातून एकदा ऑफ असतो. धारला मोठ्या भावजींकडे मात्र माणूस एकदाच ऑफ होतो, मग त्याला खांदाच द्यायचा.

भावजींच्या मुलीचा दुसऱ्या दिवशी साखरपुडा होता. त्यांचा फोन आला, तो आमच्या सूनबाईने घेतला.

"उद्या धाकटा येतोय ना गं?"

"नाही मोठे बाबा, त्यांचं कसं जमणार? ते आज ऑफ आहेत."

"अगं, काय सांगतेस? कुठे आहे तो?"

"बाहेरच्या खोलीत पडलेत सकाळपासून. हलतच नाहीत."

"आणि तुझी सासू?"

"त्या म्हणतात, पडू दे."

सुतक लागलं म्हणून भावजींनी व्याह्यांना कळवून साखरपुडा पुढे ढकलला आणि संध्याकाळी रडत देवासला आले. दार यांनीच उघडलं, बनियनवर.

"दादा, उद्या घरात कार्य आणि तुम्ही इकडे?"

भावजी उंबऱ्यातच बसले. "अरे, तू ऑफ होतास ना?"

"होतो ना. म्हणून तर उद्या ड्यूटी आहे."

भावजींनी तिथूनच व्याह्यांना फोन लावला, की धाकटा जिवंत आहे, साखरपुडा उद्याच करू.

दुसऱ्या दिवशी सकाळी साखरपुडा झाला. हे ड्यूटीवर होते. माझं कुंकू पाहून व्याह्यांनी डोळे पुसले आणि हळूच म्हणाले, "पोरीच्या कार्यासाठी मन किती घट्ट केलंत, विहीणबाई."