वजन तर कमरेवर असतंय

व्हय, गुण येतो की अक्का, का न्हाय यायचा? तुमच्या मालकांचं बी हेच ठरलंय म्हना की — आदी पाय सरळ करायचा, मग सुई. बसा हितं, त्या खुर्चीचा पाय हलतोय, माज्याजवळ बसा. आमचे हे आत हायत, गुडघ्याचा एक्स-रे फोटो काडायला. भिऊ नका. ह्यांचे पाय बाहेर वाकलेले, गुडघ्यातली गादी आतल्या अंगानं पार घासलेली — डॉक्टर कार्टिलेज म्हनतात, आमची गादीच. तर श्रावणात गुडघ्याखालचं हाड कापलं, जरा उगडलं, वर पट्टी बसवली — म्हंजे अंगाचा भार घासलेल्या बाजूवरनं चांगल्या बाजूवर गेला. आणि कमरेच्या हाडातला मगज काडून, यंत्रात फिरवून, त्यातल्या मूळ पेशी का काय त्या सुईनं गुडघ्यात सोडल्या. ह्यांच्याच अंगातलं, ह्यांच्याच गुडघ्यात! डॉक्टर खोटं बोलले न्हाईत हां — म्हनाले, खात्री देत न्हाय, कुनाला लागू पडतंय, कुनाला न्हाय, गादी भरायला मदत हुईल म्हनून देतो, पर मी सांगेपातुर वजन उचलायचं न्हाय म्हंजे न्हाय. मी ते आपलं विरजणागत धरलं. एकदा लावलं की भांडं हलवायचं न्हाय.

आलता की गुण! दिवाळीत काठी सुटली. भवानी पेठेतनं चालत जाऊन भाजी आणली ह्यांनी, मी मागनं बगत हुते — लग्नात बी एवडे सरळ चालले नव्हते. हसा की, हसायसारकंच हाय. मग आता का आलो? सुजलंय जरा. न्हाणीत घसरले. दगड ओला — फरशी, फरशी ओली हुती. डॉक्टरांना बी तसंच सांगितलं. त्यांनी इचारलं, वजन उचललं काय? परत इचारलं. न्हाय म्हनलो आमी. दोगं बी. तर म्हनाले, फोटोत सगळं जाग्यावर दिसलं तर पयली सुई लागू पडली न्हाय असं समजू, आज परत देऊ.

तुमी सोलापूरच्या न्हाय ना? जेऊरच्या. मग तुमाला कसं कळावं. हितं संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा असती, नंदीध्वज निगतात — घराच्या वर जाईल एवडे उंच, आणि एकटा माणूस कमरेच्या पट्ट्यात त्याचं बूड रोवून तोल सांबाळत चालतो. ह्यांच्या वडलांनी पेलला, ह्यांनी पेलला. औंदा सरावाला ह्यांच्या जागी आमच्या गल्लीतला धुळा उबा राहिला. पोरगा चांगला हाय, त्याला नावं ठेवायची न्हाईत — पर त्या दिवशी हे जेवले न्हाईत, भिंतीकडं तोंड करून पडले. मला बगवंना अक्का. दुसऱ्या दिवशी म्हनतात, डॉक्टरांनी गुडघ्यावर वजन नको म्हनलंय, ध्वजाचं वजन तर कमरेवर असतंय. मला पटलं! कमरेवरच असतंय की! आता कमरेवरचं वजन पुडं कुटं जातंय, माणूस काय कडीपाटाला टांगलेला असतोय? पर ते तवा सुचलं न्हाय. का सुचवून घेतलं न्हाय, कुनाला ठावं. पट्टा मी बांदला. ह्या हातांनी. मागनं गाठ मारली, ओढून बगितली. आणि खरं सांगू? हौस मला बी हुती. यात्रेत बाया म्हनायच्या, ध्वजवाल्याची बायको आली, वाट द्या तिला. औंदा कोन म्हननार? चार पावलं टाकली ह्यांनी आणि गुडघ्यात टक्क वाजलं — मला बाजूला उबं राहून ऐकू आलं. ध्वज पडू दिला न्हाय हां! धुळानं घेतल्यावर मग खाली बसले. घामानं सदरा भिजलेला आणि माज्याकडं बगून हसतात. घसरले म्हनून सांगायचं ते रिक्षातच ठरलं.

अवो, उटताय कुटं? मालकांना सुई नको म्हननार काय आता? तसं करू नका अक्का, सुईनं काय वाईट केलं न्हाय, भांडं आमी हलवलं. आणि आज परत सुई लागली की हे संक्रांतीला उचलनार — काल रात्री पट्ट्याला तेल लावून ठेवलंय. हाडच मोडलं तर? मी आत जाऊन सांगितलं तर चार लोकांत नवऱ्याला खोटं पाडलं असं हुईल, जल्मात बोलायचे न्हाईत माज्याशी. तुमी कुनाला सांगू नका, तुमाला शपथ हाय. — न्हायतर असं करा. तुमीच सांगा. तुमाला ते वळखत न्हाईत, तुमच्यावर रागवून काय करनार? डॉक्टरांना नुसतं म्हना, घसरले न्हाईत, ध्वज उचलला. एवडंच. माज्या जिबंला यीना झालंय बगा, सकाळधरनं तोंडात घोळतंय आणि —

गप. आले.

झाला फोटो? सावकाश, माज्या खांद्याला धरा. काय न्हाय वो. ह्या अक्का जेऊरच्या, इचारत हुत्या, गुण येतो का म्हनून. येतो म्हनलं.