वाघाचा फोल्डर

तुम्ही हसाल, पण माझं बरोबरच होतं, बहुधा.

चंद्रपूरच्या रफीकभाईंच्या सायबर कॅफेत वरोऱ्याच्या पोरांशी कॉम्प्युटर गेमचा सामना होता. कॅफेची इज्जत पणाला. रफीकभाईंनी सर्व्हरवर प्लगइन टाकलं होतं: खेळाडूनं कुणाला मारलं की एक आवाज, स्वतः मेला की दुसरा. मी प्राणिशास्त्राचा डॉक्टर, म्हणून प्राण्यांच्या आवाजांचे फोल्डर लावायचं काम माझ्याकडे. कुठला आवाज कुठे, या घोळात दोनदा अदलाबदल केली, मग देवाचं नाव घेतलं.

सामन्यात मारणाऱ्याला शेळीचं बेंऽऽ, मरणाऱ्याला वाघाची डरकाळी!

रफीकभाई धावत आले. "सर, वाघ मरणाच्या फोल्डरमध्ये काऊन टाकला?"

"आपल्याकडे वाघ आला म्हणजे माणूस मेलाच ना? आणि शेळी वाचली, म्हणजे तीच जिंकली."

"ते बरोबर हाये सर. पण आपली पोरं डरकाळी ऐकायले मुद्दाम मरून राह्यली ना!"