पंखाचा जोड

—नाही, पगार नका सांगू. पत्रिकाही राहू दे, कौस्तुभ. मुलगी बघायला आलेल्या मुलाला बाकीच्या आया घर विचारतात, मी विमान विचारतेय. तुम्ही उडवता ते किती जुनं आहे? चाळीस वर्षं? म्हणजे तुमच्याहून मोठं—हसू नका, गंमत नाही करत मी. आधी माल वाहायचं ना? मग पोटात टाकी बसवली आणि जंगलातल्या वणव्यांवर पाणी ओतायला धाडलं. पोहे घ्या, गार होतायत. रसिका लिंबं आणायला खाली नाक्यावर गेलीय—गेलीय कसली, मीच पाठवलंय. हे तिच्यासमोर बोलता येत नाही.

मालाचं विमान सरळ जातं, उतरतं. तुमचं डोंगराला लागून खाली येतं, धुरात, गरम हवेचे धक्के खात, आणि सगळं पाणी एका दमात सोडतं. वजन गेलं की वर उसळतं—खरं ना? तो झटका कुठे बसतो? पंख जिथे जोडलाय तिथेच. प्रत्येक खेपेला तिथेच. तार वाकवत राहिलं की तुटते, तसं. मला कसं कळतं म्हणता? दारावर साहिलची पाटी वाचलीत ना? माझा मुलगा. तोही तिकडे परदेशात हेच उडवायचा. म्हणायचा, आई, जुनी विमानं दणकट असतात गं. पंख निखळला त्याच्या विमानाचा, त्यातच गेला. आत भेग होती, वरून नवा रंग. रसिकाला वाटतं, धुरात भावाला डोंगर दिसला नाही. वाटू दे म्हटलं—छे, हे सांगायचं नव्हतं तुम्हाला.

आता एवढंच सांगा. तो जोड उघडून आतून कुणी तपासलाय? कंपनी बघते—हे उत्तर नको, हे साहिलचं उत्तर. तुम्ही विचारलंत का? तुम्ही स्वतः?

ती तुम्हाला होच म्हणणार आहे, माझं ऐकणार नाही. आणि तुम्ही मलाही आवडलात, ही आणखी पंचाईत.

बशी खाली ठेवलीत—म्हणजे नाही विचारलंत.

...लिफ्ट थांबली. तीच असणार. उठा, दार तुम्हीच उघडा, आणि मला जे सांगता आलं नाही ते तिला सांगा. साहिलचंही सांगा. मी आत जाते.